कीबोर्ड बोलतो, ऐकतो कोण?

"सर, कीबोर्ड गेला वाटतं. कालच आणलाय," छापखान्याचे मालक पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

तालुक्याच्या गावातला छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणूक आली की पत्रके. वीस वर्षांचा सगळा मजकूर एका जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये पडलेला, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे यायला तयार नाही. जुने मशीन ऐन पावसाळ्यात बसले. त्याच्या जागी २०१२च्या आसपासचे एक सेकंडहँड मशीन आले, कपाटातून एक्सपीची मूळ सीडी निघाली. 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' अशी अक्षरे आली, मालकांनी स्पेसबार दाबला, सीडी घरघरली, निळा पडदा आला. सेटअप सुरू करायला एंटर दाबा, असे त्या पडद्याने सांगितले. यांनी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, मग जरा जोरात, मग त्या बटणाचा जो काही उद्धार व्हायचा तो झाला.

आता यातली गंमत पाहा. दोनच मिनिटांपूर्वी याच कीबोर्डाचा स्पेसबार मशीनने निमूट ऐकला होता. मग मधल्या दोन मिनिटांत कीबोर्ड कसा 'गेला'? जुनी ऑपरेटिंग सिस्टिम सीडीवरून चालू करताना येणारी कीबोर्डाची बहुतेक दुखणी या एका प्रश्नात आहेत. मशीन चालू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कीबोर्डाचे ऐकणारा दोनतीनदा बदलतो. आधी बायोस, मग सीडीवरचा छोटा लोडर, मग सेटअपने चढवलेले ड्रायव्हर. कीबोर्ड कुठल्या टप्प्यावर मुका झाला हे नीट पाहिले, की कोणी ऐकायचे सोडले ते कळते. 'चालत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

ते पाहायची सोपी खूण कीबोर्डावरच असते: नम लॉकचा दिवा. आपण नम लॉक दाबतो तेव्हा दिवा कीबोर्ड स्वतः लावतो असे वाटते. तसे नसते. कीबोर्ड फक्त 'ही कळ दाबली' असे कळवतो. मशीनच्या बाजूला कोणी ऐकणारा असेल तर तो उलट हुकूम सोडतो, 'दिवा लाव', आणि मग दिवा लागतो. म्हणजे दिवा लागला की बोलणे पोचले आणि उत्तरही आले. न लागला तर पलीकडे कोणी नाही, किंवा जो आहे तो दगड झाला आहे. छापखान्यात मी पहिल्यांदा तेच केले. बायोसच्या पडद्यावर दिवा लागत होता, विझत होता. निळ्या पडद्यावर ढिम्म.

हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. १९८१ साली आयबीएमने पीसी आणला तेव्हा त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डाला स्वतःचा एक छोटा प्रोसेसर होता. आजच्या कीबोर्डालाही असतो. तो अक्षरे पाठवत नाही. कोणती कळ दाबली, कोणती सोडली, एवढेच एका आकड्याने सांगतो. त्याला स्कॅन कोड म्हणतात. इंग्रजी 'के' जिथे असतो त्याच कळेवर इनस्क्रिप्ट मांडणीत आपला 'क' असतो, पण कीबोर्डाला ना त्या केचे सोयर ना या कचे सुतक. अर्थ लावायचे काम पलीकडच्याचे.

त्या पहिल्या कीबोर्डाचे बोलणे एकतर्फी होते, म्हणून त्यावर दिवेही नव्हते. १९८४च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने मदरबोर्डवर ८०४२ नावाची चिप बसवली आणि दोन्ही बाजूंनी बोलणे सुरू झाले. खुंटी तीच, पाच पिनांची जाड गोल, पण भाषा वेगळी. त्यामुळे जुना कीबोर्ड नव्या मशीनला लागायचा आणि चालायचा नाही. यावर उपाय म्हणून पुढे कित्येक कीबोर्डांच्या पोटाखाली एक्सटी म्हणजे जुनी आणि एटी म्हणजे नवी भाषा, यांत निवड करणारा खटका यायचा. भंगारातून असा कीबोर्ड मिळालाच, तर तो उलटा करून आधी खटका पाहावा. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ मालिकेबरोबर सहा पिनांची छोटी गोल खुंटी आली. भाषा एटीचीच राहिली. जांभळ्या रंगाचे कीबोर्डाचे आणि हिरव्या रंगाचे माउसचे ते पोर्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत.

या जुन्या पद्धतीत कीबोर्ड दारावरची बेल वाजवतो. कळ दाबली की ८०४२ प्रोसेसरला हाक देतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातले काम टाकून पोर्ट ६० वरून स्कॅन कोड उचलतो. बायोस तो एका छोट्या रांगेत लावून ठेवतो. रांगेत पंधरा कळा मावतात. डॉस वापरलेल्यांना आठवेल, मशीन अडकले की आपण कळा बडवत राहायचो आणि सोळाव्या दाबाला ते पीं करून ओरडायचे. तीच ही भरलेली रांग. डॉस स्वतः दारापर्यंत जात नसे. तो बायोसला विचारे, 'कोणी आले होते का?' ही विचारण्याची सोय म्हणजे इंटरप्ट १६एच. विंडोज एनटी आणि तिच्या वंशातली एक्सपी, ७ ही मंडळी मात्र बायोसच्या भरवशावर राहत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर थेट पोर्ट ६० आणि ६४ वर जाऊन ८०४२शी बोलतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळे यावर येऊन अडते.

१९९६ साली यूएसबीचा पहिला आराखडा आला आणि बेलची पद्धत गेली. यूएसबी म्हणजे शाळेतली हजेरी. मास्तरांनी नाव घेतल्याशिवाय पोराने तोंड उघडायचे नाही. मशीनमधला यूएसबी कंट्रोलर दर काही मिलिसेकंदांनी कीबोर्डाला विचारतो, 'काही आहे का?', आणि तेव्हाच कीबोर्ड सांगू शकतो. साधे दिसते, पण याचा अर्थ असा की हजेरी घेणारा प्रोग्राम चालू नसेल तर यूएसबी कीबोर्ड पूर्ण मुका. पीएस/२ कीबोर्डासाठी कोणी तरी दार उघडायला असले तरी पुरे. यूएसबीसाठी मास्तर लागतो, पट लागतो, वर्ग भरलेला लागतो.

आणि १९९८च्या आधीच्या बहुतेक सिस्टिमांकडे हा मास्तरच नाही. १९९६ची विंडोज एनटी ४ यूएसबी ओळखत नाही. डॉस तर नाहीच नाही. तरीही यूएसबी कीबोर्ड लावून डॉस चालताना आपण पाहतो. कसा?

बायोस बहुरूप्याचे काम करतो. त्याच्याकडे यूएसबीची हजेरी घेण्यापुरता एक छोटा प्रोग्राम असतो. यूएसबीचे नियम लिहिणाऱ्यांनी त्याची अडचण ओळखून कीबोर्डासाठी एक बाळबोध बोलीही ठरवून दिली, बूट प्रोटोकॉल नावाची: आठ बाइटचा निरोप, पहिल्यात शिफ्ट-कंट्रोल-आल्टची हजेरी, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत सहा कळा. बायोस हा निरोप घेतो आणि जुन्या सिस्टिमपुढे पीएस/२ कीबोर्ड बनून उभा राहतो. सेटिंगमध्ये याला 'यूएसबी लेगसी सपोर्ट' म्हणतात. 'एनी की' दाबूनही सीडी चालू होत नसेल, म्हणजे अगदी पहिल्याच टप्प्यावर मुकेपणा असेल, तर हे सेटिंग बंद आहे का ते पाहावे. ते बदलायला बायोसमध्ये जावे लागते आणि त्यालाही कीबोर्ड लागतो, हा यातला सरकारी कार्यालयासारखा पेच. काही मशीन वेळ वाचवण्यासाठी 'फास्ट बूट'मध्ये यूएसबी तपासतच नाहीत, तिथेही हाच अनुभव येतो. अशा वेळी उसना का होईना, पीएस/२ कीबोर्ड आणावा.

पण बहुरूप्याची सोंगे दोन. पहिले सोपे: कोणी इंटरप्ट १६एच मार्फत विचारले तर उत्तर द्यायचे. एवढ्यावर डॉस खूश, सीडीवरचा लोडर खूश, 'एनी की' चालते. दुसरे अवघड: एखादा ड्रायव्हर थेट पोर्ट ६० आणि ६४ वर हात घालायला गेला, तर त्याच क्षणी प्रोसेसरला बाजूला घेऊन, चालू प्रोग्रामला पत्ता न लागू देता, त्या हातात खोटा स्कॅन कोड ठेवायचा. प्रोसेसरच्या 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड' नावाच्या पडद्याआडच्या अवस्थेत हे चालते. काही बायोसमध्ये या दुसऱ्या सोंगाचे सेटिंग वेगळे असते, 'पोर्ट ६०/६४ इम्युलेशन' या नावाने, आणि ते बंद असू शकते. तसे असले की पहिला पडदा ऐकतो, दुसरा ऐकत नाही. अगदी छापखान्यातल्यासारखे.

जाता जाता: या नाटकात सीडीसुद्धा सोंग घेते. सीडीवरून मशीन चालू करण्याचा 'एल टोरिटो' हा आराखडा १९९५ साली फीनिक्स आणि आयबीएम यांनी प्रसिद्ध केला. नाव आले कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन गावच्या एका मेक्सिकन हॉटेलवरून. त्यात एक युक्ती अशी की सीडीचा एक तुकडा स्वतःला फ्लॉपी म्हणवून घेतो, आणि बिचारा डॉस 'ए' ड्राइव्ह समजून त्यावरून उठतो. खोटी फ्लॉपी, खोटा कीबोर्ड. तरी काम होते, याचेच मला अजून नवल वाटते.

आता एक्सपी. ती २००१ साली आली तेव्हा तिच्याकडे यूएसबी १.१चे ड्रायव्हर होते, २.०चे नव्हते; ते २००२च्या सर्व्हिस पॅक १ने आणले. त्या काळी याने कीबोर्डाचे काही अडले नाही, कारण तेव्हाच्या मदरबोर्डांवर यूएसबी २.०च्या जोडीला १.१चे जुने कंट्रोलर असत आणि कीबोर्डासारखे सावकाश उपकरण त्यांच्याच वाट्याला येई. पुढे इंटेलच्या चिपसेटांतून ते जोडीदार गेले, सगळा कारभार २.०च्या कंट्रोलरकडे आला. म्हणजे मूळ २००१ची सीडी २०१२च्या मशीनमध्ये घातली की सेटअपकडे हजेरी घेणारा मास्तरच नाही. त्यात बायोसचे दुसरे सोंगही बंद. सर्व्हिस पॅक ३ची सीडी असती तर निम्मे रामायण टळले असते. जुनी सिस्टिम घालायचीच असेल तर तिची सगळ्यात उशिराची सीडी शोधावी, असे मी सगळ्यांना सांगतो. लोक 'ओरिजिनल' म्हणून पहिलीच कवटाळून बसतात.

एक्सपीत आणखी एक गमतीदार फसवणूक आहे. एंटर चालतो, बाण चालतात, आणि परवान्याच्या पडद्यावर 'मान्य असेल तर एफ-८ दाबा' म्हटले की सगळे ठप्प. इथे बायोस निर्दोष आहे. काही कीबोर्डांवर 'एफ लॉक' नावाची कळ असते. ती बंद असेल तर एफ-८ दाबल्यावर एफ-८ जातच नाही, दुसराच कसला तरी शॉर्टकट जातो. लॅपटॉपवर 'एफएन' कळ हेच करते. एफ लॉक दाबा, मग एफ-८. या एका कळेपायी फॉरमॅटसाठी बोलावलेल्या पोरांना पैसे मिळाले आहेत.

विंडोज ७ची कथा त्याहून मोठी, कारण तिने एकाच वेळी असंख्य लोकांना छळले. यूएसबी ३.०चा आराखडा नोव्हेंबर २००८चा, विंडोज ७ आली २००९मध्ये. तिच्या डीव्हीडीवर ३.०च्या कंट्रोलरचा, म्हणजे एक्सएचसीआयचा, ड्रायव्हर नाही. तो घरचा ड्रायव्हर २०१२च्या विंडोज ८पासून आला. मधली काही वर्षे मदरबोर्डांवर दोन्ही प्रकारचे पोर्ट असत. निळ्या पोर्टात कीबोर्ड चालेना, तर मागच्या काळ्या पोर्टात लावायचा, झाले काम. २०१५मध्ये इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर आले आणि त्यांच्या १०० मालिकेच्या चिपसेटांतून २.०चा जुना कंट्रोलर काढून टाकला गेला. काळा पोर्ट दिसायला काळाच, आतून तोही एक्सएचसीआयच्या ताब्यात. विंडोज ७ची डीव्हीडी छान सुरू व्हायची, भाषा निवडायचा सुंदर पडदा यायचा, आणि तिथे कीबोर्डही मेलेला, माउसही मेलेला. समोर 'नेक्स्ट' दिसतो आहे आणि दाबायचा कशाने, हा प्रश्न.

मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी यावर बायोसमध्ये नवी सोंगे दिली. कुठे 'विंडोज ७ इन्स्टॉलेशन' असे सेटिंग, कुठे 'पीएस/२ सिम्युलेटर'. दुसरा मार्ग म्हणजे डिस्कवरच ड्रायव्हर घुसवणे: डिझम हे विंडोजचे हत्यार वापरून बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या दोन्ही फायलींत एक्सएचसीआयचा ड्रायव्हर घालायचा. बूट डॉट विमच्या पोटात दोन प्रतिमा असतात, आणि सेटअप चालतो तो दुसरीतून. पहिलीत ड्रायव्हर घालून 'तरी चालत नाही' म्हणणारे मी पाहिले आहेत. फक्त इन्स्टॉल डॉट विममध्ये घालाल तर सेटअपमध्ये अडाल, फक्त बूट डॉट विममध्ये घालाल तर सेटअप होईल आणि पहिल्या लॉगिनला पुन्हा मुकेपणा. ज्यांच्या बोर्डावर पीएस/२ पोर्ट शिल्लक होता त्यांनी मात्र हे काहीच केले नाही. जुना कीबोर्ड लावला आणि चहा प्यायला गेले.

डॉसचे एक दुखणे फार विचित्र आहे, कारण ते कीबोर्डाचे वाटतच नाही. सीडीवरून डॉस उठतो आणि हायमेम हा त्याचा मेमरीचा ड्रायव्हर तक्रार करतो: 'अनएबल टू कंट्रोल ए-२० लाइन'. मेमरीची तक्रार आहे, कीबोर्डाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो १९८४चा आहे. मूळ पीसीच्या प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या, शून्यापासून १९पर्यंत, म्हणजे १ मेगाबाइट. त्यापुढचा पत्ता मागितला की तो गोल फिरून पुन्हा शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्राम या गोल फिरण्यावरच विसंबून होते. एटीच्या ८०२८६ला २४ तारा. एकविसावी, म्हणजे ए-२०, जागी झाली की पत्ता गोल न फिरता खराच पुढे जाणार आणि ते जुने प्रोग्राम कोसळणार. आयबीएमच्या अभियंत्यांना ही तार हवी तेव्हा बंद ठेवणारा एक नळ हवा होता. कीबोर्डाच्या ८०४२ चिपची एक पिन रिकामी होती. नळ तिथे बसवला. तेव्हापासून जास्तीची मेमरी उघडायला कीबोर्डाच्या चिपची परवानगी मागायची, असा हा कारभार. बायोस जेव्हा ८०४२चे सोंग घेतो तेव्हा त्याला हा नळही फिरवल्यासारखे करावे लागते, आणि ते सोंग कच्चे असले की हायमेम ओरडतो. त्यावर हायमेमला 'मशीन' हा स्विच देऊन नळाची दुसरी तऱ्हा सांगता येते. नाही तर यूएसबी लेगसी बंद करून पीएस/२ कीबोर्ड लावून पाहावा.

जुन्या लिनक्स सीडींवर कीबोर्ड चालतो, पण भलतेच लिहितो. क्लाउस क्नॉपर यांची जर्मन 'नॉपिक्स' २०००च्या दशकात लोकप्रिय होती. तिच्या 'बूट:' ओळीवर पर्याय टाइप करावे लागत. त्या क्षणी मांडणी असते अमेरिकन, तुमच्या कळांवर काही का छापलेले असेना. जर्मन कीबोर्डावर बरोबरचे चिन्ह शिफ्ट-शून्यावर असते. ते दाबले की पडद्यावर येतो बंद कंस. भारतात विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचेच, म्हणून आपल्याला हे कधी भोवले नाही. कोणी लंडनहून कीबोर्ड आणला असेल तर त्याला अवतरणचिन्ह आणि ॲट यांची अदलाबदल जाणवेल.

बाकी किरकोळ. कीबोर्ड हबमधून किंवा पुढच्या पोर्टातून काढून सरळ मागे लावावा. डोंगलवाला वायरलेस बहुधा चालतो, कारण तो डोंगल मशीनला साधा यूएसबी कीबोर्डच दिसतो. ब्लूटूथवर सहसा विसंबू नये. काही महागडे गेमिंग कीबोर्ड बाळबोध बूट बोली धड बोलत नाहीत, म्हणून काहींच्या पाठीवर 'बायोस' लिहिलेला खटका असतो. यूएसबी कीबोर्डाला लावायचा तो छोटा जांभळा अडॉप्टर म्हणजे नुसत्या तारा; कीबोर्डाला दोन्ही भाषा येत असतील तरच तो कामाचा, आणि आजच्या कित्येकांना येत नाहीत. पीएस/२ कीबोर्ड मशीन बंद करूनच लावावा. चालू मशीनला लावाल तर बहुधा ओळखला जाणार नाही, आणि वाईट नशीब असेल तर बोर्डावरचा फ्यूज जाईल. काहीच जमले नाही तर व्हर्च्युअल मशीन: तिथे कीबोर्ड, ८०४२, सीडी सगळेच सोंग, आणि म्हणूनच सगळे बिनबोभाट चालते.

छापखान्यात हे सगळे करावे लागले नाही. बोर्डाच्या मागे अर्धा जांभळा, अर्धा हिरवा असा एक पीएस/२ पोर्ट होता. मालकांनी पोराला माळ्यावर चढवले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, पिवळा पडलेला कीबोर्ड खाली आला. 'ळ'च्या कळेवर कोणी तरी स्टिकर लावलेला होता. मशीन बंद केले, तो लावला, चालू केले. निळा पडदा आला, नम लॉकचा दिवा लागला. एंटर, एफ-८, पार्टिशन, फॉरमॅट. दुपारी डीटीपीचे सॉफ्टवेअर चढले आणि त्याने पहिल्याच पडद्यावर आपले परवान्याचे डोंगल मागितले. मालकांनी ड्रॉवरमधून ते काढले: पंचवीस पिनांचे, पॅरलल पोर्टचे. मशीनच्या मागे आम्ही दोघांनी टॉर्च मारून पाहिले. पॅरलल पोर्ट नव्हता. बोर्डावर मात्र त्याच्या नावाच्या नुसत्या पिना उभ्या होत्या, मागे पोर्ट काढून देणाऱ्या पट्टीची वाट पाहत.

"पुण्याला कोणी जाणार आहे का उद्या?" मालकांनी आत हाक मारून विचारले. "तपकीर गल्लीत एक पट्टी बघायचीय."